फक्त मला दिसेल

"चहा पाणचट झालाय," टेस्टर म्हणाला.

बायकोने आपला कप खाली ठेवला. "मग काय करू? दुसरा करू, यातच पावडर घालून उकळू, की तू नुसतं कळवतोयस?"

टेस्टरने क्षणभर विचार केला. "नुसतं कळवतोय."

या घरात असा संवाद दिवसाआड तरी व्हायचा. खरं तर त्यात त्या माणसाचा दोष कमी आणि त्याच्या पोटापाण्याच्या धंद्याचा जास्त होता. दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत तो अकरा वर्षं टेस्टर होता. कुठल्या रुग्णाला किती वाजता बोलावलंय, कोणाची कुठली दाढ काढायची आहे, प्रतीक्षा-यादीत पुढे कोण, हे सगळं ते सॉफ्टवेअर सांगायचं. प्रोग्रॅमर ते लिहायचे आणि टेस्टर त्यातल्या चुका काढायचा. एका माणसाला तेहतीस दात आहेत असं भरलं तर सॉफ्टवेअर ते मुकाट्याने मान्य करतं, हे त्यानेच शोधलं होतं. चूक दिसली की ती कळवायची, इथे त्याचं काम संपलं. ती सुधारायची दुसऱ्याने. त्यामुळे घरीसुद्धा नळ गळतोय, घड्याळ चार मिनिटं मागे आहे, कडी वाकडी झालीय असं कळवून तो पेपर वाचायला बसायचा आणि घरातल्या बाकीच्यांचं डोकं उठायचं.

बाबांना त्याचं काम अजून नीट कळलेलं नव्हतं. टेस्ट म्हणजे परीक्षा एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. "अकरा वर्षं परीक्षा चालू आहे," ते भेटेल त्याला सांगायचे, "निकाल काही लागत नाही."

हे टेस्टरला फार लागायचं, कारण ते खरं होतं. त्याला प्रोग्रॅमर व्हायचं होतं. तीन वर्षांपासून व्हायचं होतं. त्यातली दोन वर्षं त्याने रोज पहाटे उठून शिकण्यात घातली होती. बायकोच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी त्याने एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला होता, रुग्णाने खांदा किती वेळा फिरवला ते मोजणारा. तो तिथे वर्षभर बिनबोभाट चालला होता. आणि आता ऑफिसात प्रोग्रॅमरांच्या टीममध्ये एक जागा निघाली होती. आतल्या माणसांनी शुक्रवारी सहापर्यंत कळवायचं, नाहीतर सोमवारी बाहेर जाहिरात. मागची जागा दोन वर्षांपूर्वी निघाली होती, तेव्हा टेस्टर 'विचार करतोय' म्हणाला होता आणि विचार पूर्ण व्हायच्या आत जागा भरली होती. आता त्याला एकेचाळीस पूर्ण झाली होती.

"तिथे काही वावच नाही," तो कपाकडे बघत म्हणाला. "तेच ते काम. कोणी विचारत नाही. मागून आलेले पुढे गेले."

"हे बघ," बायको म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि हे लक्षण चांगलं नव्हतं. "माझ्याकडे रोज बारा माणसं येऊन कुठे दुखतंय ते सांगतात. मी विचारते, काय करता यायला हवंय? वरच्या फळीवरचा डबा काढायचाय? नातीला उचलून घ्यायचंय? ते कळलं की पुढचं मी बघते. तू तीन वर्षं नुसतं दुखतंय दुखतंय करतोयस. आज बुधवार आहे. लिहून काढ सगळं. लिहून दाखवल्याशिवाय या घरात हा विषय बंद."

"अगं पण..."

"लिहून," बायको म्हणाली आणि दवाखान्याच्या किल्ल्या शोधायला गेली.

दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, टेस्टर लिहायला बसला. आता अकरा वर्षं ज्याने एकाच नमुन्यात लिहिलं त्याला कोरा कागद दिला तर तो काय करणार? अर्ध्या तासात त्याच्याकडून 'मी' या शब्दापलीकडे काही उतरेना. शेवटी त्याने वैतागून 'वही' उघडली.

वही म्हणजे ऑफिसचं चुका नोंदवायचं सॉफ्टवेअर. पूर्वी खरोखरच एक लांबडी वही होती, तिचं नाव याला चिकटलं. दवाखान्यांतल्या रिसेप्शनच्या बायकाही त्यात लिहायच्या, म्हणून तिच्यावर सगळं साध्या भाषेत होतं. डावीकडे एक बटण 'तक्रार', उजवीकडे एक बटण 'मागणी'. टेस्टरचा हात सवयीने डावीकडे गेला. समोर ओळखीचा फॉर्म आला आणि त्याची लेखणी वाहू लागली.

शीर्षक : अकरा वर्षं एकाच जागी अडकलं आहे.
कसं घडतं : (१) साडेनऊला या. (२) जागेवर बसा. (३) बोलावतील म्हणून वाट बघा. (४) मागून आलेले पुढे जातात. (५) सहाला घरी जा. (६) उद्या पुन्हा पहिल्यापासून.
अपेक्षित निकाल : माणूस पुढे जातो.
प्रत्यक्ष निकाल : माणूस तिथेच. फक्त वय वाढतं.
गांभीर्य : अतिगंभीर.

वाचून त्याचे त्यालाच डोळे भरून आले. विभाग भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. सकाळपासून तो 'प्रतीक्षा-यादी' तपासत होता, तेच तिथे आपोआप आलं होतं. असू दे, त्याने म्हटलं, आपल्या बायकोलाच तर दाखवायचंय. खाली सोमवारपासून एक नवी सोय आली होती. 'मसुदा : फक्त मला दिसेल' अशी एक चौकट. ती सोय त्यानेच गेल्या महिन्यात तपासून पास केली होती. त्याने चौकटीवर टिक केली, बटण दाबलं आणि हलक्या मनाने जेवायला गेला.

परत आला तेव्हा त्याच्या खुर्चीभोवती सहा प्रोग्रॅमर उभे होते.

मधोमध त्यांचा प्रमुख होता. त्याला ऑफिसात 'चालतंय' म्हणत. कुठलीही चूक दाखवली की तो आपल्या कॉम्प्युटरवर तीच गोष्ट करून बघायचा आणि "माझ्याकडे चालतंय" असं सांगून मोकळा व्हायचा. अकरा वर्षांत हे वाक्य टेस्टरने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा त्याचे दात आवळले जायचे. आणि जागा निघाली होती ती याच माणसाच्या हाताखाली.

"या आठवड्यातली पहिली तक्रार," चालतंय म्हणाला. "सोमवारपासून एक नाही आली. आम्ही म्हटलं, चला, सुधारलं एकदाचं आपलं सॉफ्टवेअर. आणि आली ती ही. अकरा वर्षं रुग्ण यादीत अडकलाय?"

पहिली तक्रार? सोमवारपासून टेस्टरने चाळीसेक तरी नोंदवल्या होत्या. पण प्रोग्रॅमर तक्रारी वाचत नाहीत हे काही त्याला नवीन नव्हतं. शिवाय त्या क्षणी त्याला एकच गोष्ट आठवत होती. ती चौकट. आपण टिक केली की नाही केली?

"ते जरा..." तो म्हणाला, "ते तसं नाहीये."

"नाहीच. मी बघितलं. माझ्याकडे चालतंय."

इथे टेस्टरला खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ज्याच्याकडे नोकरी मागायची त्यालाच 'हे माझं रडगाणं आहे, चुकून तुमच्याकडे आलं' असं सहा जणांसमोर कसं सांगायचं? आणि चालतंयने तेवढ्यात विचारलं, "नक्की घडतं का हे? किती वेळा बघितलंयस?"

"रोज," टेस्टर म्हणाला. हे मात्र खरं होतं.

अतिगंभीर तक्रार वहीतून आपोआप सगळ्या दवाखान्यांना जायची. त्यामुळे अडीचच्या सुमाराला फोन वाजला. सगळ्यात मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर होते. चालतंयने स्पीकर लावला.

"माझ्याकडे कोणी अकरा वर्षं बसलंय म्हणे," डॉक्टर म्हणाले. "अहो, मला दवाखाना काढून नऊ वर्षं झाली."

"नाही डॉक्टर, तुमच्याकडेच असं नाही. कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? आणि वय वाढतंय म्हणजे काय? इथे एक बाई मला विचारतायत की त्यांचं वय तुमच्या कॉम्प्युटरने वाढवलंय का."

"वय वाढणारच हो डॉक्टर. वय वाढणं हा दोष नाही."

"ते त्यांना तुम्ही सांगा, मी फोन देतो," डॉक्टर म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं चालतंय त्या बाईंना वय वाढण्याबद्दल सांगत होता. टेस्टर जागेवर बसून नखं खात होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

फोन ठेवल्यावर चालतंय चवताळला. "बास. आता जसं लिहिलंय तसं अक्षरन् अक्षर करून बघू आणि हे बंद करू. पायरी एक, साडेनऊला या." त्याने एक खोटा रुग्ण तयार केला, दवाखाना उघडायची वेळ साडेनऊ, रुग्ण आल्याची वेळ बरोबर साडेनऊ. "पायरी दोन, बसा. पायरी तीन, वाट बघा. पायरी चार..."

आणि तो थांबला. पडद्यावर साडेनऊ वाजून एक मिनिटाने आलेला रुग्ण पुढे गेला. मग दोन मिनिटांनी आलेला गेला. साडेनऊचा माणूस तिथेच.

सगळे वाकून बघू लागले. दार उघडायच्या आधी आलेल्यांची एक यादी होती आणि दार उघडल्यानंतर आलेल्यांची दुसरी. जो अगदी ठोक्याला आला तो कुठल्याच यादीत जात नव्हता.

"अगंबाई," मागून आवाज आला. त्या ताई होत्या. पंधरा वर्षं एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून पाच महिन्यांपूर्वी त्या टेस्टरच्या हाताखाली रुजू झाल्या होत्या. "म्हणजे आमच्याकडचे ते पेन्शनर आजोबा. बरोबर साडेनऊला दारात. आणि दुपारपर्यंत बसलेले असायचे. आम्हाला वाटायचं, घरी करमत नसेल."

चालतंय टेस्टरकडे वळला. त्याच्या नजरेत अकरा वर्षांत पहिल्यांदाच आदर होता. "हे तुला सापडलं कसं?"

"अनुभवाने," टेस्टर खोल गेलेल्या आवाजात म्हणाला.

संध्याकाळी त्याने घरी सगळं सांगितलं. बायको आधी हसली, मग फार हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "बरं, झालं ते झालं. उद्या जाऊन सांग, ते माझ्याबद्दल होतं आणि मला ती जागा हवीय."

"आता कसं सांगू? आता त्यांना ते खरं वाटतंय. खरंच झालंय ते."

"त्याला काय झालं? बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही," बाबा मधेच म्हणाले. "पण काय रे, तू पास झालास का?"

"झालो," टेस्टर म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

गुरुवारी पंचाईत वाढली. वरच्या साहेबांनी सगळ्या ऑफिसला पत्र पाठवलं. दहा वर्षांत कोणाला न सापडलेली चूक ज्याने हुडकून काढली, तक्रार कशी लिहावी याचा ज्याने आदर्श घालून दिला, असा माणूस टेस्टिंगच्या बाहेर जाता कामा नये. सोमवारपासून त्याला प्रमुख टेस्टर करावं. पुढची तीन वर्षं आपण याच पदावर राहू असं त्याने शुक्रवारी सहापर्यंत लिहून द्यावं. सोबत ती तक्रार जशीच्या तशी जोडली होती, सगळ्यांनी नमुना म्हणून अभ्यासावी म्हणून. टेस्टरने ती जिन्यात छापून लावलेली पाहिली. 'माणूस तिथेच' या शब्दांखाली कोणीतरी हिरव्या शाईने रेघ मारली होती.

लोक येऊन हात मिळवून जात होते. प्रत्येकाला तो "अहो, तसं काही नाही" म्हणत होता आणि प्रत्येकाला तो विनय वाटत होता. हा सगळा आपल्याच पायावर आपणच मारून घेतलेला धोंडा आहे, हे त्याला कळत होतं. पण राग मात्र त्याला बाकी सगळ्यांचा येत होता. साधं मराठी वाचता येत नाही या लोकांना? दातांच्या दवाखान्यातला रुग्ण उद्या पुन्हा पहिल्यापासून कशाला येईल?

"ताई," त्याने न राहवून विचारलं, "तुम्ही रिसेप्शन सोडून इकडे आलात. कसं काय जमवलंत?"

ताईंना प्रश्न कळला नाही. "जमवायचं काय त्यात? अर्ज केला."

"एवढंच?"

"फोटो लावला होता," ताई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी वहीत त्याच्या नावावर एक ओळ आली. 'अकरा वर्षं एकाच जागी अडकलं आहे : दुरुस्त केलं. कृपया तपासून बंद करा.' खाली दोन पर्याय होते. 'बंद' आणि 'पुन्हा उघडा'. टेस्टर पाऊण तास त्या ओळीकडे बघत बसला. बंद करावी तर खोटं, उघडावी तर कशी? दुरुस्त तर झालंच होतं. साडेनऊचा रुग्ण आता नीट पुढे जात होता. जगातला प्रत्येक माणूस पुढे जात होता.

पाच चाळीसला मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे टेस्टिंगच्या प्रमुख. कमी बोलायच्या आणि बोलताना चष्मा पुसायच्या. टेबलावर त्या तीन वर्षांचा कागद सहीसाठी तयार होता.

"वाचलात?" त्यांनी विचारलं.

"वाचला."

"मग?"

"मॅडम, टेस्टिंगमध्ये आता तसं काही..." टेस्टर अडखळला. "म्हणजे तेच ते काम आहे. आणि कोणी..."

मॅडमनी चष्मा काढला. "सहाला घरी जा, असं लिहिलंय तुम्ही. पायरी पाच. दातांचा कुठला रुग्ण रोज सहाला घरी जातो हो?"

टेस्टर खुर्चीत सरळ झाला. "तुम्हाला कळलं होतं?"

"बुधवारीच. दोन वाजून दहा मिनिटांनी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" त्याचा आवाज चढला. अकरा वर्षांत मॅडमसमोर तो पहिल्यांदाच चढला होता. "तीन दिवस माझा जीव टांगणीला लागलाय. जिन्यात लावलंय ते."

"काय बोलायचं? तुम्ही तक्रार भरली होती. तक्रार आली की आम्ही ती दुरुस्त करतो. ती केली." मॅडम चष्मा पुसत राहिल्या. "अकरा वर्षांत तुम्ही मला काय काय बिघडलंय ते हजार वेळा सांगितलंत. खुर्ची करकरते, दिवा डोळ्यावर येतो, प्रोग्रॅमर ऐकत नाहीत. तुम्हाला काय हवंय, ते एकदा तरी सांगितलंत? मी कसं ओळखणार? शेजारी बटण आहे ना, मागणीचं. कधी भरलंय ते?"

"तपासलंय," टेस्टर म्हणाला.

"भरलंय का?"

घरात एक बाई आणि ऑफिसात दुसरी, दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या आणि तरी तेच बोलत होत्या. याचा त्याला फार संताप आला. ते खरं होतं म्हणून जास्तच आला.

"भरा," मॅडमनी आपला कॉम्प्युटर त्याच्याकडे फिरवला. "तुमच्या नावाने उघडा. पंधरा मिनिटं आहेत."

त्याने उजवीकडचं बटण दाबलं. फॉर्मवर एकच प्रश्न होता. 'काय हवे आहे? एका वाक्यात लिहा.' त्याने लिहिलं : टेस्टिंगमध्ये वाव नाही.

"ही तक्रार झाली," मॅडम म्हणाल्या.

त्याने खोडून लिहिलं : अकरा वर्षांनंतर तरी कोणीतरी विचार करायला हवा.

"हीसुद्धा. आणि ती माझ्याविरुद्ध."

त्याने तेही खोडलं. पाच पन्नास झाले. एवढी साधी ओळ, पण ती लिहिली की नाही मिळालं तर सगळ्यांना कळणार होतं. तक्रारीत बरं असतं. तक्रार कोणी ऐकली नाही तर चूक त्याची. मागणी कोणी नाकारली तर लाज आपली. त्याने डोळे मिटले आणि लिहिलं : मला प्रोग्रॅमर व्हायचं आहे.

"हां," मॅडम म्हणाल्या. "पाठवा."

त्याने मसुद्याच्या चौकटीकडे नीट बघितलं. या वेळी टिक अजिबात केली नाही. बटण दाबलं. दोघं मॅडमच्या फोनकडे बघत बसले. फोन गप्प होता.

"आलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पाठवलंत ना?"

"पाठवलं की. तुमच्या समोर." त्याने पुन्हा पाठवलं. पुन्हा काही नाही. पाच पंचावन्न झाले. आणि मग टेस्टरच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. बुधवारी टिक केली तर तक्रार सगळ्या जगाला गेली. आज केली नाही तर कुणालाच जात नाही. सोमवारपासूनच्या त्याच्या चाळीस तक्रारी, ज्या कोणी वाचल्याच नव्हत्या. ही चौकट उलटी होती. आणि ती कोणी पास केली होती? गेल्या महिन्यात, शुक्रवारी, सहाला पाच मिनिटं असताना, टिक उमटते एवढं बघून ज्याने पास केली होती तो या क्षणी मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ अकरा वर्षं शोधणाऱ्याच्या डोळ्यात हे एवढं मुसळ.

"मॅडम," तो म्हणाला, "हे आता सगळ्यांना जाईल."

"जाऊ दे."

त्याने 'फक्त मला दिसेल' वर टिक केली आणि बटण दाबलं. मॅडमचा फोन वाजला. बाहेर एक वाजला, मग दहा, मग भिंतीपलीकडचा सगळा मजला वाजला. पाच अठ्ठावन्न झाले होते.

थोड्या वेळाने चालतंय दार लोटून आत आला. त्याच्या हातात जिन्यातला कागद होता.

"म्हणजे तो रुग्ण तू होतास?"

"हो," टेस्टर म्हणाला.

चालतंयने कागद पुन्हा वाचला. "प्रोग्रॅम कधी लिहिलायस का?"

"एक लिहिलाय. खांदे मोजतो. वर्षभर चालतोय." आणि मग, कोणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "मला ही जागा हवीय."

मॅडमनी टेबलावरचा कागद उचलून शांतपणे दोन तुकडे केले. "तीन महिने घेऊन बघ याला," त्या चालतंयला म्हणाल्या. "वरच्या साहेबांना मी सांगते. टेस्टिंग ताई बघतील."

सोमवारी सकाळी साडेनऊला टेस्टर, म्हणजे आता प्रोग्रॅमर, पलीकडच्या रांगेत जाऊन बसला. खुर्ची करकरत होती, पण त्याने ते कळवलं नाही. चालतंयने त्याला पहिलं काम दिलं. "ती मसुद्याची चौकट उलटी आहे म्हणतोस ना? कर सरळ."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्याने बदलला, तीनदा वाचला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आणि कॉम्प्युटर वाजायला लागला. वाजतच राहिला. गेल्या आठवड्यात मसुदे म्हणून अडकून पडलेल्या त्रेचाळीस तक्रारी एकामागून एक सुटल्या होत्या. सगळ्या प्रतीक्षा-यादीच्या, आणि सगळ्या त्याच्याच हातच्या. 'हे लिहिणारा शाळेत गेला होता का?' 'इतकी साधी गोष्ट न कळणाऱ्याला पगार कोण देतं?' शब्द त्याचे, टोमणे त्याचे.

"अरे वा," चालतंय मान उंचावून म्हणाला, "प्रतीक्षा-यादी नव्या माणसाकडेच द्यायची होती मला. घे सगळ्या."

दुपारपर्यंत तो पहिल्या तक्रारीपाशीच होता. 'यादी वर सरकवली की खालचं नाव गायब होतं.' त्याने वर सरकवली, खाली सरकवली, सावकाश, झटकन, डाव्या हाताने. नाव जागच्या जागी. हे असं लिहिणारा माणूस नेमका काय करत होता, हे त्याला कळेना, आणि विचारायला तो माणूस जागेवर नव्हता.

ताई त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. हातात वही होती, कागदाची. "काय झालं पहिलीचं? माझ्याकडे तर नाव गायब होतंय."

त्याने शेवटचं एकदा सरकवून बघितलं. मग तो वळला, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"माझ्याकडे चालतंय."

पलीकडे चालतंयने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ताई आपल्या जागेवर गेल्या, गेल्या आठवड्यापासून तपासायची राहिलेली ती जुनी तक्रार उघडली आणि तिच्याखाली लिहिलं : तपासलं. माणूस पुढे गेला. वय वाढतंच आहे, पण तो दोष नाही. बंद.